इंधन-बाष्प गळती

पेट्रोल गाडीच्या टाकीतील वाफ हवेत जाऊ नये म्हणून असलेल्या बंदिस्त यंत्रणेतील गळती. ही वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाऊन जळते. गळती तपासण्याची सोय असलेल्या गाड्यांत सुमारे १ मिमी. छिद्राला पी०४४२, तर ०.५ मिमी. छिद्राला पी०४५६ हा कोड येतो.

शोध टाकीच्या झाकणापासूनच सुरू करावा. रबरी रिंगवरून बोट फिरवले की बारीक चीर हाताला लागते. मग इंजिन थंड असताना, आयडलिंगवर, पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे; ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या, दमट हवेने गंजणारी टाकीची लोखंडी नळी आणि तिचे क्लॅम्प आवर्जून पाहावेत. तरीही न सापडल्यास कॅनिस्टरचा बाहेरच्या हवेकडचा व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून यंत्रणेत अगदी कमी दाबाने धूर सोडतात; अंधारात टॉर्च धरली की धुराची रेघ जागा दाखवते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मात्र कधीही सोडू नये, कॅनिस्टर फुटू शकतो.

पीयूसी चाचणी सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायूच तपासते. ही गळती तिच्यात सापडत नाही.