कुंपणाचें अरण्य

इ. स. १६५८ च्या रोस्किल्डे येथील तहानें स्वीडननें डेन्मार्कपासून सामुद्रधुनीपलीकडील प्रांत हिसकावून घेतले, ही गोष्ट त्या देशाच्या कोणत्याहि लहानमोठ्या इतिहासांत सांपडते. त्याच शतकांत दुसऱ्या एका शत्रूनें त्याच राज्याचीं शेतें, कुरणें व वस्त्या एकामागून एक घेतल्या. त्याच्याशीं तह झाला नाहीं, कारण तो तह करणारांपैकीं नव्हता. हा शत्रु म्हणजे वाळू. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत तिला फार तर एखादी तळटीप मिळते. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, डॅनिश राजसत्तेचें खरें रूप ज्यास पाहावयाचें असेल त्यानें कोपनहेगन येथील राजवाड्यांस दिला तेवढाच वेळ झीलंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका पुळणीसहि द्यावा.

ही पुळण तिस्विल्डे गांवाच्या पश्चिमेस आहे. कोपनहेगनहून हिलरॉड व तेथून लहान आगगाडीनें तिस्विल्डेलाये हें अखेरचें स्टेशन गांठावयाचें. 'लाये' म्हणजे कोळ्यांची वस्ती. तेथून पुढें पायवाट पाइनच्या अरण्यांत शिरते. हिमालयांतील चीड ज्या कुळांतला त्याच कुळांतला हा वृक्ष. आम्ही गेलों तो जून महिना होता. सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळणारा, त्यामुळें सायंकाळ संपतां संपत नव्हती. बऱ्याच चालीनंतर झाडें एकाएकीं संपतात, जमीन उतरते, आणि समोर फिकट वाळूची एक अरुंद पट्टी व तिच्यापुढें कॅटेगाट समुद्राचें शांत, करडें-निळें पाणी दिसतें. भरतीओहोटी येथें नांवाचीच. लाटेच्या रेषेवर काळपट समुद्रशेवाळ व गुळगुळीत गोटे पडलेले असतात. पाठीमागें अरण्य, पुढें समुद्र, मध्यें वाळू, माणसें थोडीं. अरण्याच्या कडेचीं झाडें तर विलक्षण वांकडीं. कोणाचें खोड जमिनीलगत सर्पासारखें गेलेलें, कोणाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. लोकांनीं त्या भागास राक्षसांचें रान असें नांव दिलें आहे. सोसाट्याचा वारा, निकस जमीन आणि कोंवळ्या कोंबांत शिरणाऱ्या अळ्या, ह्यांनीं मिळून हें राक्षसांचें काम केलें.

हें सर्व पाहून कोणासहि वाटावें कीं, मनुष्याचा हात न लागलेली आदिम सृष्टि ती हीच. पण ह्या अरण्याचें नांव विचारावें. तें 'तिस्विल्डे हेग्न' असें आहे, आणि हेग्न ह्या डॅनिश शब्दाचा अर्थ अरण्य नव्हे, कुंपण. सुमारें दोन हजार हेक्टरांचें, म्हणजे जवळ जवळ पांच हजार एकरांचें, हें अरण्य एका कुंपणाच्या आंत वाढलें, आणि कुंपण गेलें तरी नांव राहिलें. शब्द हे इतिहासाचे फार प्रामाणिक साक्षीदार असतात. राजाज्ञेनें कोरलेल्या शिळांपेक्षां तर निश्चितच अधिक. त्या शिळेकडे आम्ही पुढें येऊंच.

प्रथम वाळूविषयीं. समुद्र किनाऱ्यावर वाळू टाकतो हें खरें. पण तो ती हजारों वर्षें टाकीतच आला होता. मग ती सोळाव्या व सतराव्या शतकांतच एवढी कां चवताळली? त्या काळीं उत्तर युरोपांत थंडी वाढली होती व वादळें पुष्कळ होत, हें एक कारण विद्वान् सांगतात. दुसरें कारण मनुष्य. किनाऱ्यामागील ओक व बीचचें जुनें रान घरांसाठीं, जहाजांसाठीं व चुलींसाठीं तुटत गेलें. उरलेल्या झुडुपांत गुरें, मेंढ्या व डुकरें मोकाट चरूं लागलीं. वाळूच्या टेकड्यांवर एक उंच खरखरीत गवत उगवतें. डॅनिश लोक त्यास 'येल्मे' म्हणतात. ह्या गवताचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. वाळूनें त्यास गाडलें म्हणजे तें मरत नाहीं, उलट अधिक जोमानें वर येतें व प्रत्येक थरांत नवीं मुळें पसरतें. आमच्या कोंकणच्या पुळणीवर मर्यादवेल जें काम करते तेंच हें गवत तेथें करतें. फरक इतकाच कीं, वेल वाळूवर अंथरली जाते, गवत वाळूंतून उभें राहतें. पण येल्मे छपरावर घालण्यास उपयोगी, दोर वळण्यास उपयोगी, आणि टंचाईच्या दिवसांत गुरांपुढें टाकण्यासहि उपयोगी. गरीब शेतकऱ्यानें तें उपटलें. कवच निघालें, आणि वायव्येकडील वाऱ्यास वाट मोकळी झाली. कोरडा कण उडी मारतो, पडतांना दुसऱ्या कणास उडवितो. असा तो सगळा डोंगर पावलापावलानें आंत चालूं लागतो.

सरकारास हें कळत नव्हतें असें नाहीं. तिसरा ख्रिश्चन ह्या राजानें जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अशीं गवतें नष्ट करणारास १५३९ मध्येंच दंड सांगितला होता. परंतु छप्पर गळत असतां दंडाचें भय कितीसें वाटणार? कायदा दप्तरांत राहिला आणि वाळू वाहत राहिली. जटलंडच्या टोंकास स्कागेन येथें तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत भक्तजनांस प्रार्थनेपूर्वीं चर्चच्या दारासमोरील वाळू उपसावी लागे. अखेर १७९५ सालीं तें चर्च सोडून देण्यांत आलें, व आज त्याचा पांढरा मनोरा तेवढा वाळूंत उभा आहे.

तिस्विल्डेच्या भागांतहि हीच दैना होती. तोरूप नांवाचें गांव वाळूखालीं गेलें. तिबिर्के येथील मध्ययुगीन चर्च कसेंबसें वांचलें व आज तें वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं एकाकी उभें आहे. आसर्बो येथें बाराव्या शतकांत कार्थुसियन पंथाच्या मुनींनीं मठ स्थापिला होता. पुढें त्या जागीं एक गढी झाली, आणि ती गढीहि वाळूनें गिळली. सातव्या फ्रेडरिक राजास पुराणवस्तूंचा नाद फार; त्यानें १८४९ सालीं तिचे अवशेष खणून काढविले. त्याच वर्षीं त्यानें राज्यघटनेवर सही करून आपल्या घराण्याची अनियंत्रित सत्ता संपविली. एकाच वर्षांत एक जुनी गोष्ट उकरली गेली आणि दुसरी पुरली गेली.

त्या अनियंत्रित सत्तेचें सर्वांत यशस्वी कृत्य मात्र ह्याच वाळूंत झालें होतें. चवथ्या फ्रेडरिक राजाच्या आज्ञेनें १७२४ सालीं योहान उल्रिख रोल ह्या जर्मन गृहस्थाच्या देखरेखीखालीं कामास आरंभ झाला, व तें सहाव्या ख्रिश्चनाच्या कारकीर्दींत १७३८ मध्यें पुरें झालें. कामाची तऱ्हा सांगावयास सोपी आहे. वाळूवर समुद्रशेवाळ, गवताळ मातीचीं ढेंकळें व झुडुपें पसरून वारा अडवावयाचा, येल्मे लावावयाचें, आणि सगळ्या भागास कुंपण घालून एकहि जनावर आंत येऊं द्यावयाचें नाहीं. सांगण्यास तीन ओळी लागल्या; करण्यास चौदा वर्षें लागलीं. हें सर्व ओलें, जड सामान गाड्यांवर घालून आणावयाचें, रुतणाऱ्या चाकांनीं टेकडीवर चढवावयाचें, हातांनीं पसरावयाचें. आणि एका रात्रीच्या वादळानें सगळें उघडें पाडलें तर पुनः प्रथमपासून.

हें कोणीं केलें? आसपासच्या शेतकऱ्यांनीं, स्वतःच्या गाड्या व स्वतःचीं घोडीं घेऊन. हें काम म्हणजे आमच्याकडील वेठीचाच प्रकार. त्यांची स्थिति काय होती हें समजण्यास एकच गोष्ट पुरे आहे. हें काम चालू असतांनाच, १७३३ सालीं, सहाव्या ख्रिश्चनानें असा निर्बंध घातला कीं, चौदापासून छत्तीस वर्षांपर्यंतच्या कोणत्याहि शेतकरी पुरुषानें आपला जन्मभाग सोडून जाऊं नये. निमित्त लष्करभरतीचें होतें, आणि जमीनदारांस मजुरांची ददात पडूं नये हा हेतूहि फारसा लपलेला नव्हता. म्हणजे वाळू जागच्या जागीं खिळविण्याचें व माणूस जागच्या जागीं खिळविण्याचें काम एकाच राजवटींत, एकाच दशकांत झालें. शिवाय ज्या रानांत शेतकऱ्याची गाय चरत होती त्याच रानास त्याच्याच हातानें कुंपण घालविण्यांत आलें.

आतां त्या शिळेविषयीं. काम पुरें झाल्याचें स्मारक १७३८ सालीं तिस्विल्डे येथें उभारण्यांत आलें. त्याचा आराखडा लाउरित्स द तूरा ह्या शिल्पशास्त्रज्ञाचा. कोपनहेगन येथील एका चर्चचा बाहेरून जिना असलेला नागमोडी मनोरा ज्यानें पुढें रचिला तोच हा. स्मारकावर डॅनिश, जर्मन व लॅटिन अशा तीन भाषांत लेख आहेत. राजांचीं नांवें आहेत, अधिकाऱ्यांचीं आहेत, रोलचेंहि आहे. गाडी हांकणाऱ्या एकाहि शेतकऱ्याचें नाहीं. तीन भाषा वापरल्या, पण ज्यांनीं तें काम केलें त्यांतील बहुतेकांस त्यांपैकीं दोन भाषा समजत नव्हत्या!

आमचे कांहीं मित्र ह्यावर म्हणतील कीं, असे लेख सर्वत्र असेच असतात, त्यांत नवल तें काय? नवल नाहींच. प्रश्न नवलाचा नसून निवाड्याचा आहे, आणि निवाडा सोपा नाहीं. राजाचें म्हणणें वाळूच्या बाबतींत बरोबर होतें; दोन शतकें प्रत्येक गांवानें आपापल्या सोयीनें वागून पाहिलें होतें, व त्याचें फळ तोरूपच्या रहिवाशांनीं भोगलें होतें. कुंपण घातलें नसतें तर आणखी गांवें गेलीं असतीं, ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं. पण म्हणून वेठ न्याय्य ठरते काय? कामाचें मोल देतां आलें असतें. चराईच्या बदल्यांत दुसरें कुरण देतां आलें असतें. ज्या सत्तेस चौदा वर्षें चिकाटी धरतां आली तिला एवढी कल्पना सुचूं नये, हें अज्ञान नव्हे. शेतकऱ्याचा श्रम वाळूइतकाच फुकट असतो अशी तिची खात्री होती. १७३३ चा निर्बंध १७८८ सालीं उठला. त्या मुक्ततेच्या स्मरणार्थ कोपनहेगनमध्यें नागरिकांनीं उभारलेला स्तंभ १७९७ सालीं पुरा झाला. तो स्तंभ व तिस्विल्डेचें स्मारक ह्यांत एकोणसाठ वर्षांचें अंतर आहे, आणि दोन्ही पाहिल्याविना त्या शतकाचें चित्र पुरें होत नाहीं.

गवतानें वाळू थोपविली, अरण्य त्यानंतरचें. फॉन लांगेन नांवाचा जर्मन वनशास्त्रज्ञ १७६३ मध्यें डेन्मार्कांत आला व त्यानें सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीची पद्धत घालून दिली. १७९२ सालीं वाहत्या वाळूच्या बंदोबस्ताचा सविस्तर कायदा झाला. १८०५ च्या कायद्यानें वनांत गुरें चारण्यास मनाई झाली. त्या वेळीं देशांत वनांखालची भूमि शेंकडा चार किंवा त्याहूनहि कमी उरली होती. ह्याच सुमारास, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं, तिस्विल्डेच्या ओसाड वाळूंत पाइनची लागवड सुरू झाली. ते राक्षसी वांकडे वृक्ष ह्याच लागवडीचे वंशज.

किनाऱ्यास मौजेसाठीं जाण्याची चाल फार अलीकडची. पूर्वीं लोक येथें येत ते समुद्रासाठीं नव्हे, झऱ्यासाठीं. हेलेना नांवाच्या स्वीडिश साध्वीचें शव शिळेवर तरंगत येथें आलें व तें लागलें तेथें झरा फुटला, अशी आख्यायिका. त्या पाण्यानें रोग बरे होतात ह्या श्रद्धेनें यात्रेकरूंची दाटी होई. रेल्वे १९२४ सालीं तिस्विल्डेलायेपर्यंत पोंचली, आणि यात्रेकरूंच्या जागीं शहरवासी आले. त्याच वर्षीं पदार्थविज्ञानवेत्ते नील्स बोर ह्यांनीं तिस्विल्डे येथें विश्रांतीसाठीं एक घर घेतलें. २०१८ पासून हें अरण्य राजांच्या नांवानेंच ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग झालें आहे.

पुळणीवरून परततांना आम्हीं वाटेंतील पाइनच्या सुयांचा दाट तपकिरी थर काठीनें बाजूस सारून पाहिला. दोन बोटें खालीं तीच फिकट, कोरडी, सुटी वाळू होती.