इंजिन नवं बांधलं तरी टॅपेट वाजतात? आधी पुशरॉडची लांबी मोजली का ते बघा

इंजिन खोललं, बोअरिंग झालं, हेडला फेस मारला, नवा कॅमशाफ्टही बसवला. पैसा पाण्यासारखा गेला. गाडी सुरू केली तर वरून टकटक आवाज. किंवा आवाज नाही, पण एक सिलिंडर नीट कामच करत नाही. अशा वेळी संशय कार्ब्युरेटरवर जातो, ऑइलवर जातो, मेकॅनिकवर तर जातोच. पण कित्येकदा खरा गुन्हेगार असतो पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक लोखंडी रॉड. त्याचं नाव पुशरॉड.

हा रॉड कॅटलॉग बघून मागवला जातो आणि तिथंच घोळ होतो. नव्यानं बांधलेल्या इंजिनात पुशरॉडची लांबी वाचून कळत नाही, ती मोजावी लागते. ती कशी मोजतात, तेच समजून घेऊया.

पुशरॉड करतो काय?

मारुती ८०० च्या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्येच होता, म्हणून तिथं पुशरॉडची गरजच नव्हती. पण त्याआधीच्या ॲम्बॅसेडरमध्ये कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मग खालची हालचाल वर पोचवायची कशी? कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकर दुसऱ्या टोकानं व्हॉल्व्ह खाली दाबतो. अगदी सीसॉसारखं.

ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट असतो. फिलर गेज घालून गॅप लावला की काम झालं. रॉडच्या लांबीतला थोडाफार फरक तो स्क्रू पोटात घालतो. म्हणून आपल्याकडच्या जुन्या गॅरेजमध्ये 'टॅपेट सेटिंग' हा शब्द सगळ्यांना माहीत, पण पुशरॉडच्या लांबीवर फारशी चर्चा नाही.

ही चर्चा रंगते ती अमेरिकन व्ही-८ इंजिनांवर. शेव्हर्लेचं स्मॉल ब्लॉक इंजिन १९५५ सालच्या मॉडेलपासून आलं आणि आजही तिकडं हौशी लोक ते घरच्या गॅरेजमध्ये बांधतात. ब्लॉक एकाचा, हेड दुसऱ्याचं, कॅम तिसऱ्याचा आणि रॉकर चौथ्याचे. अशा मिसळीत मूळ लांबीचा रॉड बसेलच याची खात्री कोण देणार?

लांबी कशामुळे बदलते?

इथं माप 'थाऊ'मध्ये चालतं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

टॅपेट : जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये सपाट बुडाचे टॅपेट असतात आणि पुशरॉड साधारण ७.८ इंचांचा. १९८७ पासून कंपनीनंच रोलर टॅपेट दिले. ते उंच असल्यामुळे रॉड साधारण ७.२ इंचांवर आला. इंजिनाचं घराणं तेच, फरक ६०० थाऊचा.

कॅम : जास्त लिफ्टच्या कॅममध्ये बऱ्याचदा गोल बाजूचा व्यास कमी असतो. टॅपेट तेवढा खाली बसतो आणि रॉड लांब लागतो.

हेड आणि ब्लॉक : फेस मारताना १० थाऊ गेले, तर रॉकर आणि टॅपेट १० थाऊ जवळ आले. रॉड आखूड लागतो. जाड गास्केट टाकलं तर याच्या उलट.

व्हॉल्व्ह : सीट घासल्यावर व्हॉल्व्ह आत बसतो आणि दांडीचं टोक वर येतं. रॉकरची दुसरी बाजू तेवढी खाली झुकते.

यातलं एक जरी बदललं असेल तरी जुना रॉड मोजून तसाच नवा मागवण्यात अर्थ नाही.

चुकलं तर काय होतं?

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइलच्या दाबावर चालणारा एक छोटा दट्ट्या असतो. पुशरॉडनं तो थोडा आत दाबलेला असावा लागतो. याला प्रीलोड म्हणतात. साधारण २० ते ६० थाऊ प्रीलोड चालतो, पण अंतिम आकडा टॅपेट बनवणाऱ्यानं दिलेलाच धरायचा.

रॉड खूप लांब असेल तर दट्ट्या तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कॉम्प्रेशन जातं. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकून सोडतो. तो टेकलाच नाही तर जळतो, आणि त्यातही एक्झॉस्टचा आधी. रॉड आखूड असेल तर फट राहते, आवाज येतो आणि प्रत्येक फेरीला सगळे भाग एकमेकांवर हातोड्यासारखे आपटतात.

स्टडवर बसणाऱ्या रॉकरमध्ये आणखी एक धोका असतो. नट फिरवून प्रीलोड बरोबर लागतो, आवाजही येत नाही, पण रॉकरचा कोन चुकलेला असतो. मग तो व्हॉल्व्ह खाली दाबताना बाजूलाही रेटतो. गाइड झिजतं, तिथून ऑइल उतरतं आणि नव्या इंजिनातून निळा धूर निघायला लागतो.

मोजायचं कसं?

पहिला नियम : जे ब्लॉक, हेड, गास्केट, कॅम, टॅपेट आणि रॉकर शेवटी बसणार आहेत, तेच बसवून मोजायचं. हेडचे बोल्टही पूर्ण टॉर्कला. आणि इंजिन हातानं फिरवायचं, स्टार्टरनं नाही.

दुसरी गोष्ट, लांबी कमीजास्त करता येणारा चेकिंग पुशरॉड घ्यायचा. फिरवला की लांब होतो, उलटा फिरवला की आखूड. इंजिन चालवण्यासाठी तो नसतो, फक्त मापासाठी असतो.

स्टडवरच्या रॉकरसाठी : आधी त्या व्हॉल्व्हवर हलकी चेकिंग स्प्रिंग लावायची, नाहीतर दट्ट्या दबून माप चुकतं. दांडीच्या टोकाला मार्करची शाई लावायची. फट शून्य करायची आणि क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवायचा. रॉकर काढला की शाईवर घासल्याची पट्टी दिसते. वेगवेगळ्या लांबीला हेच करायचं, दरवेळी नट नव्यानं लावून. ज्या लांबीला पट्टी सगळ्यात अरुंद आणि टोकाच्या मध्याजवळ येते, ती बरोबर. प्रीलोड नंतर नटानं लावायचा. ३/८ इंची स्टडला इंचात २४ आटे असतात, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात नट सुमारे २१ थाऊ खाली जातो.

ॲडजस्टमेंट नसलेल्या रॉकरसाठी : १९९७ च्या कॉर्वेटमध्ये आलेल्या एलएस१ इंजिनात रॉकर थेट बोल्टनं कसला जातो. फिरवायला स्क्रूच नाही, त्यामुळे प्रीलोड फक्त रॉडच्या लांबीवर ठरतो. टॅपेट कॅमच्या गोल बाजूवर हवा. त्याची सोपी युक्ती अशी : एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक मोजायचा, आणि इनटेक उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट. रॉकर टॉर्कला कसायचा आणि वरखाली हलणं थांबेपर्यंत चेकिंग रॉड लांब करायचा. समजा माप आलं ७.३५० इंच आणि टॅपेटला ५० थाऊ प्रीलोड हवा आहे. मग रॉड लागेल ७.४०० इंचांचा.

रॉड बोटांनी गोल फिरतोय की नाही यावर शून्य फट ठरवू नका. ऑइल लागलेला रॉड दबलेला असतानाही फिरतो. वरखाली हलतो का, तेच बघायचं. आणि एकाच व्हॉल्व्हवर विसंबू नका. दोन्ही हेडवर किमान एक इनटेक आणि एक एक्झॉस्ट मोजा.

ऑर्डर देताना एक प्रश्न विचाराच

पुशरॉडच्या दोन्ही टोकांना ऑइलसाठी भोक असतं, त्यामुळे गोळ्याचा माथा थोडा कापला जातो. काही उत्पादक प्रत्यक्ष टोकापासून टोकापर्यंत मोजतात, तर काही भोक नाही असं धरून. ५/१६ इंची गोळा आणि १०० थाऊचं भोक धरलं, तर दोन्ही मापांत सुमारे १६ थाऊंचा फरक पडतो. प्रीलोडच जिथं २० थाऊपासून सुरू होतो, तिथं हा फरक मोठा आहे. म्हणून तुमची लांबी कोणत्या पद्धतीची, हे विचारूनच पैसे भरा.

नवे रॉड हातात आले की बसवण्याआधी एकदा व्हर्नियरनं मोजा आणि काचेवर लोळवून सरळ आहेत का ते तपासा. याला अर्धा तास पुरतो. हेड पुन्हा उतरवायला किती लागतो, ते तुमच्या मेकॅनिकला विचारा.