चरित्रपर अभंग

चरित्रपर अभंग : संताच्या आयुष्यातील प्रसंग ओळीने सांगणारी अभंगांची मालिका. मराठी पद्यातील चरित्र आणि आत्मचरित्र या दोन्ही प्रकारांचा आरंभ सामान्यतः संत नामदेवांच्या (परंपरेनुसार १२७०–१३५०) अशा रचनांपासून मानला जातो. नामदेवांचे जन्मगाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नर्सी (जुने नाव नर्सी बामणी) सर्वाधिक मान्य आहे; पंढरपूर आणि कऱ्हाडकडील नरसिंगपूर यांचीही नावे अभ्यासकांनी पुढे केली आहेत. हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून त्यापूर्वीच्या ग्रंथांत नर्सी आणि नामदेवकथेतले औंढा नागनाथ ही गावे परभणी जिल्ह्यात दाखवलेली आढळतात.

रचना : नामदेवांच्या गाथेतील ज्ञानेश्वरचरित्राचे तीन भाग आहेत. ‘आदी’मध्ये ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांचा संन्यास, पुन्हा गृहस्थाश्रम, वाळीत पडलेले घर आणि चार भावंडांची पैठणवारी येते. ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव व नामदेव यांची तीर्थयात्रा आहे. ‘समाधी’त आळंदीचा निरोप आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणातील ‘नामा’ ही मुद्रा इथे नुसती कवीची सही राहत नाही. सांगणारा स्वतः प्रसंगात उभा असतो. तो चालतो, हट्ट करतो, रडतो. ज्याने पाहिले तोच पात्र आणि तोच निवेदक, ही या प्रकाराची खरी ओळख आहे. लोककथा आणि इतिहास यांच्या मधली ही जागा मराठीत इतक्या लवकर सापडली, याचे मोल वाङ्मयेतिहासांनी पुरेसे केलेले नाही.

तीर्थावळीचा आरंभ यात्रेला निघण्याच्या आधीपासून होतो. ज्ञानदेव सोबत मागतात, पण नामदेवांना पंढरी सुटत नाही. ते देवाची परवानगी मागतात आणि पांडुरंग त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो. वाटेतला विहिरीचा प्रसंग कीर्तनातून घरोघर पोचला आहे. रानात दोघांना तहान लागते. विहीर खोल असते, पाणी काढायला साधन नसते. ज्ञानदेव योगबळाने देह लहान करून आत उतरतात आणि पाणी पिऊन येतात. नामदेव जागचे हलत नाहीत, विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. याला निव्वळ चमत्कारकथा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. योग मोठा की नाम, हा वाद कवी इथे युक्तिवादाने न मांडता तहानेच्या प्रसंगातून मांडतो. योगाचे पाणी एकट्याने प्यायले, नामाचे पाणी काठावर सर्वांसाठी आले. परतल्यावर पंढरीत यात्रेचे मावंदे, म्हणजे समारोपाचे जेवण, होते, आणि त्यात देव स्वतः राबतो.

समाधीप्रकरण (ज्ञानदेवांची समाधी शके १२१८, इ.स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी) या मालिकेचा कळस आहे. पांडुरंग हजर असतो खरा, पण शोक करणाऱ्यांपैकी एक म्हणून. नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा, महादा समाधीची जागा झाडून घेतात. निवृत्तिनाथ आणि देव ज्ञानदेवांना दोन्ही हातांना धरून आत नेतात. धाकट्या भावाला समाधीत बसवून थोरला भाऊ बाहेर येतो आणि समाधी बंद केली जाते. गुरू असलेल्या निवृत्तींचा धीर तिथे सुटतो. जागा झाडण्याचा तो तपशील डोळ्यांनी पाहिल्यासारखा आहे, आणि अडचणही तिथेच आहे. परंपरेचा जन्मशक धरला तर त्या वेळी नामदेव सव्वीस वर्षांचे होतात. मग चार कर्ते मुलगे कसे, हा प्रश्न उरतो.

आत्मपर अभंग : यांत आई गोणाई, पत्नी राजाई व नामदेव यांचे संवाद मोडतात. राजाई रखुमाईकडे गाऱ्हाणे नेते, की तुमच्या देवाने माझ्या नवऱ्याला वेड लावले आणि घरात खायला नाही. संसाराची ही बाजू बायकोच्या तोंडून येते, याला त्या काळच्या रचनेत तोड नाही.

कर्तृत्व : मतभेद आहेत. महाभारत रचणारा विष्णुदास नामा हा वेगळा, नंतरचा कवी असून त्याचे अभंग गाथेत मिसळल्याचे बहुतेक मानतात. नामदेव पूर्वायुष्यात वाटमारी करीत आणि औंढ्याच्या देवळात त्यांना पश्चात्ताप झाला, असे सांगणारा अभंगही अनेकांनी प्रक्षिप्त ठरवला आहे. कीर्तनकार आणि वहीकार यांच्या पिढ्यांनी ही गाथा सांभाळली, वाढवली. शासकीय गाथा १९७० मध्ये प्रसिद्ध झाली.

पूर्वसूरी : गद्यात म्हाइंभटांचे लीळाचरित्र (सु. १२७८). तिथे आठवणी अनेकांना विचारून गोळा केल्या आहेत. नामदेवांची साक्ष एकट्याची आहे.

हिंगोली परिसर : औंढ्याला नामदेवांना विसोबा खेचरांकडून गुरूपदेश मिळाल्याची आणि कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथा सांगतात. नामदेवांच्या घरच्या दासी जनाबाई शेजारच्या गंगाखेडच्या.

पुढील परंपरा : तुकारामांचे आत्मपर अभंग, तसेच बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांचे आत्मचरित्र. बहिणाबाईंनी आपले मागील जन्मही त्यात सांगितले. महिपतींनी (१७१५–९०) भक्तविजयात (१७६२) ही सामग्री ओवीत घेतली. तिथे निवेदक प्रसंगाबाहेर गेला आणि ‘मी पाहिले’ची जागा ‘असे घडले’ने घेतली. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, पण ज्ञानेश्वरचरित्राचा हा भाग तिकडे गेलेला नाही.