मोहाच्या चवीकडे जाताना : प्रस्तावना

मद्याचा रसिकतेने आस्वाद घेणे महाराष्ट्राच्या शहरांना आता नवे राहिलेले नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जागच्या जागी तयार होणारी ताजी बिअर पेल्यात आली. आज राय धान्याची, हॉप्सने कडवट झालेली, ठरावीक हंगामातच मिळणारी कडक बिअर समोर आली, तर जाणकार आधी तिचा रंग पाहतात, वास घेतात, मग छोटा घोट घेऊन जिभेवर रेंगाळणारी चव जोखतात. धान्याचा मसालेदार तिखटपणा कोणता आणि हॉप्सचा कडवटपणा कोणता, हे ते निगुतीने वेगळे करतात. खानदेशातल्या मोहाकडेही तितक्याच आदराने पाहावे, एवढीच या लेखनाची विनंती आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेरच्या आणि धुळ्यातल्या शिरपूर, साक्रीच्या डोंगरपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. झाडाची बहुतेक पाने तेव्हा झडलेली असतात. मांसल, फिकट पिवळसर फुले रात्रीतून गळतात आणि पहाटेच माणसे टोपल्या घेऊन वेचायला निघतात. ओले फूल लवकर आंबते, म्हणून ते उन्हात वाळवून साठवतात. वाळल्यावर त्यात साखर भरपूर उरते. दारू होते ती या साखरेमुळेच. पण भिल्ल आणि पावरा घरांत फुलाचे पहिले नाते पोटाशी आहे. टंचाईच्या दिवसांत ते भाजून, शिजवून खाल्ले गेले. बियांचे तेलही निघाले. देवाला आणि पूर्वजांना धार देण्यापासून लग्नकार्यापर्यंत दारूलाही मानाचे स्थान मिळाले.

म्हणून वाचकांनी सुरुवात पेल्यापासून करू नये. तुम्ही आधी वाळलेले फूल तोंडात घोळवून पाहा. ते मनुकेसारखे चिवट लागते, मग गुळाचा गोडवा येतो आणि शेवटी थोडी तुरट-कडवट छटा मागे राहते. त्याचा उग्र वास काहींना पहिल्यांदा नकोसा होतो. घाई न केल्यास त्यातला फुलाचा सुगंध ओळखू येतो. पारंपरिक रीतीत भिजवून आंबवलेली फुले मडक्यात उकळतात आणि वाफ थंड करून थेंब गोळा करतात. चांगल्या मोहात फुलाचा गंध, चुलीचा किंचित धूर आणि मातीची चव असते. पहिल्या धारेची जहाल असते, पुढची सौम्य होत जाते. नवसागर आणि काळा गूळ घालून घाईने गाळलेल्या हातभट्टीला या परंपरेच्या नावाने ओळखणे अन्यायाचे ठरेल. परवान्याशिवाय गाळलेली दारू बेकायदा आहे आणि जिवावरही बेतू शकते. तेव्हा आस्वाद घ्यायचा तो कायदेशीर बाटलीतूनच, आणि बेताने.

चवीइतकाच तिच्याभोवतीचा इतिहास महत्त्वाचा आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी महसुलाच्या चौकटीत बांधले. १८९२ मध्ये तर मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि घराच्या कोपऱ्यातली फुलांची रास संशयाची वस्तू होऊन बसली. महाराष्ट्रात फुलांवरचे निर्बंध सैल झाले ते २०२१ मध्ये.

मात्र विरोध केवळ सरकारचा होता, असे समजू नये. १९३० च्या दशकात तळोदा भागात आदिवासी सुधारक गुलाम महाराजांच्या मागे गेलेल्या हजारो आदिवासींनी दारू सोडली. १९७० च्या दशकात शहादा परिसरात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मजुरी दारूत जाताना आणि घरात मार बसताना त्यांनी पाहिले होते. मोहाचे कौतुक करणाऱ्याने हा राग समजून घेतलाच पाहिजे. नाहीतर आपले कौतुक पोकळ ठरते.

अलीकडे चित्र बदलते आहे. उद्योजक डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाची परवानाधारक दारू बाजारात आणली. मध्य प्रदेशाने मोहाला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि नर्मदेपलीकडच्या अलीराजपुरात आदिवासी बचतगट ते तयार करू लागले. खानदेशात फुले भरपूर आहेत आणि ती ओळखणारे हातही आहेत.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी दोन प्रश्न सोबत ठेवावेत : हे फूल कोणी वेचले, आणि त्याच्या किमतीतले किती त्या हातांपर्यंत पोहोचले? चव जिभेला कळते. तिची योग्यता मात्र या उत्तरांवरून ठरवावी.