तेलविहिरींना फुटलेल्या फांद्या

शिरूर तालुक्यातील न्हावरे परिसरात 'आडवे बोअर' हा शब्द शेतकऱ्यांना नवा नाही. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगांमध्ये असते. विहीर त्या भेगांपर्यंत पोहोचली नाही, तर आतून बाजूच्या कातळात आडवी छिद्रे घेतली जातात. समुद्राखालील तेलासाठी वापरले जाणारे बहुशाखी विहिरींचे तंत्र याच विचाराचे प्रगत रूप आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील 'मुंबई हाय' क्षेत्राचा शोध 'सागर सम्राट' या खोदकाम रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये लावला. २१ मे १९७६ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले. येथील तेल प्रामुख्याने चुनखडकाच्या थरांत आहे. उभी विहीर अशा थराला केवळ त्याच्या जाडीइतकीच भिडते. थरातून आडवी जाणारी शाखा मात्र शेकडो मीटर तेलखडकाला स्पर्श करते. तेल विस्तृत भागातून सावकाश ओढले जात असल्याने खालचे पाणी विहिरीत शिरण्यासही विलंब लागतो.

शाखा काढण्यासाठी मुख्य विहिरीच्या पोलादी नळीत पाचरीसारखे साधन बसवतात. त्यावरून वळणारे कटर नळीला खिडकी पाडते व तेथून नवे खोदकाम सुरू होते. समुद्रातील फलाटावर विहिरींसाठी जागा मोजकीच असल्याने हा लाभ मोठा ठरतो.

या तंत्राचा पाया सोव्हिएत अभियंता अलेक्झांडर ग्रिगोऱ्यान यांनी १९५३ मध्ये बाश्किरियात घातला. त्यांच्या विहिरीला नऊ शाखा होत्या. खर्च दीडपट झाला, पण उत्पादन सतरापट मिळाले.

जोखीमही तितकीच आहे. मुख्य विहीर निकामी झाल्यास सर्व शाखा बंद पडतात, तर एका शाखेत शिरलेले पाणी इतर शाखांचे उत्पादनही घटवू शकते. त्यामुळे शाखांच्या सांध्याला विशेष महत्त्व असून, त्याच्या रचनेनुसार अशा विहिरींचे सहा स्तर मानले जातात.

उत्पादन घटू लागल्यावर 'ओएनजीसी'ने २००० नंतर मुंबई हायचा पुनर्विकास हाती घेतला व त्यात आडव्या आणि बहुशाखी विहिरींचा वापर केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादनवाढीसाठी 'बीपी' कंपनीशी तांत्रिक सेवेचा करार झाला. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला जुन्या क्षेत्रात उरलेले तेल सोडून देणे परवडणारे नाही.