भाडेकरू आणि कूळ : वादातील कायदेशीर सल्ला (आंजर्ले परिसर)

भाड्याचे घर, दुकानाचा गाळा किंवा खंडाने कसलेली जमीन यांवरून मालकाशी वाद झाल्यास भाडेकरूने अथवा कुळाने वकिलाकडून वा विधी सेवा समितीकडून घ्यावयाचे मार्गदर्शन. जोग नदीच्या मुखाशी वसलेल्या आंजर्ल्यात (ता. दापोली, जि. रत्नागिरी) नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, समुद्रकिनाऱ्याचे पर्यटन आहे आणि मुंबईला असणारे मालकही आहेत. त्यामुळे आपला कब्जा नेमका कोणत्या कायद्याखाली येतो, हे सल्ला घेताना सर्वांत आधी ठरवावे लागते.

घर व गाळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. मात्र तो परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. तेथे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. भाडे थकल्यास लेखी मागणीनंतर 90 दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून मालकाला दावा लावता येत नाही. इतर गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चालतो. त्यात वेगळा करार नसेल तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला 15 दिवसांची नोटीस पुरते. रजिस्टर पोस्टाने आलेले पाकीट न उघडता ठेवून देणे म्हणूनच महागात पडते.

बागायत व शेतजमीन. येथे कुळकायदा, 1948 लागू होतो. त्यामागे कोकणातील खोतीविरुद्धचा दीर्घ लढा आहे. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती नाहीशी करणारा कायदा 1949 चा. 1 एप्रिल 1957 या ‘कृषकदिनी’ कायदेशीर अपवाद वगळता कुळे कसत्या जमिनीची मानीव खरेदीदार ठरली. कुळाने स्वखर्चाने मालकाच्या जागेत बांधलेल्या राहत्या घरालाही या कायद्याचे संरक्षण आहे.

एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही, हे कलम 70 ब खाली तहसीलदार ठरवतात. दिवाणी न्यायालयाला तो अधिकार नाही. सल्ल्याला जाताना सातबाऱ्याचा चालू उतारा तर न्यावाच, पण जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफारही न्यावेत. इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांचे नाव कोणत्या साली लागले, कोणत्या फेरफाराने कमी झाले आणि त्या वेळी घरच्यांना नोटीस मिळाली होती का, यावर प्रकरणाची दिशा ठरते. रोख मजुरीवर मालकाची बाग राखणारा मात्र कूळ मानला जात नाही.

सल्ल्याची वेळ. सही करण्यापूर्वी घेतलेला सल्ला सर्वांत स्वस्त पडतो. कायदेशीर मार्ग सोडून बळजबरीने बाहेर काढले गेल्यास विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम 6 खाली कब्जा परत मिळवण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्यात मालकी सिद्ध करण्याची गरज नसते. कुळकायद्याखालील आदेशावर अपिलाला 60 दिवस मिळतात. मालक भाडे घेत नसेल तर ते बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवून पोच जपावी. पावतीवाचून हातात दिलेली रक्कम पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

निसर्ग चक्रीवादळ. 3 जून 2020 च्या या वादळात दापोली किनाऱ्यावरच्या घरांची छपरे उडाली, माड-पोफळी उन्मळून पडल्या. 1882 च्या कायद्यानुसार वादळाने जागा कायमची निरुपयोगी झाली तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूला असतो; इमारत पडली एवढ्यावरून मालकाला तो हक्क मिळत नाही. महापालिकेने पाडलेल्या सांगलीच्या एका इमारतीच्या प्रकरणात, बांधकाम नष्ट झाले तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला.

मोफत मदत. दापोली न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती आणि रत्नागिरीचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि आपत्तिग्रस्त यांना, तसेच वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. 15100 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे जागा सोडण्याची तारीख, अनामतीची परतफेड आणि थकलेले वीजबिल कोणी भरायचे, हे सारे सहीपूर्वी मसुद्यात लिहून घ्यावे लागते.