फाइल कुणाच्या हातात? नांदेड-लातूरच्या श्रोत्यासाठी पॉडकास्ट ॲपची निवड

पॉडकास्ट ऐकण्यासाठी कोणते ॲप घ्यावे असे विचारले की पाच जण पाच नावे सांगतात, आणि पाचही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रश्नच अपुरा असतो. श्रोता कुठला, फोन कसला, नेट किती आणि ऐकायचे काय, हे ठरल्याखेरीज निवडीला निकष मिळत नाही. म्हणून इथे श्रोता आधी ठरवून घेतो: नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातला, मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन वापरणारा, रोज दीड जीबीच्या पॅकवर भागवणारा आणि मुख्यतः मराठी ऐकणारा. आयफोनवाल्यांसाठी शेवटी दोन-चार वाक्ये आहेत. त्यांचे तसे बरे चाललेले असते.

ॲपचे मूळ काम

पॉडकास्टची रचना कळली की निम्मी निवड आपोआप होते. निर्माता आवाजाची फाइल एखाद्या सर्व्हरवर ठेवतो आणि तिच्यासोबत मजकुराची एक साधी यादी ठेवतो. यादीत भागाचे नाव, तारीख, वर्णन आणि फाइलचा पत्ता एवढेच असते. तिला फीड म्हणतात आणि तिच्या साच्याला आरएसएस. डेव्ह वायनर यांनी २००० च्या सुमारास या साच्यात ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली, ॲडम करी यांच्यासारख्यांनी २००४ मध्ये ती फाइल आपोआप उतरवून घेणारी आज्ञावली पुढे आणली, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतल्यावर हा प्रकार घरोघरी गेला. या व्यवस्थेत ॲप कार्यक्रमाचे मालक नसते. ते ठरावीक वेळाने फीड तपासते, नवा भाग दिसला की फाइल उतरवते आणि श्रोत्याला हवे तेव्हा वाजवते.

रेडिओशी असलेला फरक इथेच आहे. परभणी आकाशवाणीचा शेतीविषयक कार्यक्रम त्या वेळी रेडिओपाशी बसलेल्यालाच मिळायचा. आज न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची केंद्रे मोबाइलवर लागतात, पण तेही थेट प्रक्षेपण. नेट गेले की आवाज गेला. पॉडकास्टमध्ये फाइल आधी फोनमध्ये येते, मग ऐकली जाते. मराठवाड्यात या ‘आधी’ला फार किंमत आहे.

जाती

बाजारात ‘पॉडकास्ट’ या एकाच पाटीखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली जात खुल्या फीडवर चालणाऱ्या ॲपची: अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स, पॉडकास्ट ॲडिक्ट. यांच्यात कुठल्याही फीडचा पत्ता टाकला की कार्यक्रम येतो. दुसरी जात मंचांची: स्पॉटिफाय, जिओसावन. हे बाहेरचे कार्यक्रम आपल्या सूचीत घेतात, पण श्रोत्याने फीडचा पत्ता दिला तर तो त्यांना चालत नाही. तिसरी जात कुकू एफएम, पॉकेट एफएम, स्टोरीटेल यांची. इथे मराठी भरपूर आहे, पण ती बहुतांश ऐकायची पुस्तके आणि मालिका आहेत, वर्गणी भरून किंवा भागागणिक ॲपमधली नाणी मोजून ऐकायच्या. कथा-कादंबरी ऐकायची असेल तर तिथे अवश्य जावे. फक्त त्या ॲपची तुलना अँटेनापॉडशी करू नये. ‘एक रुपयात आठवडाभर’ अशा जाहिरातीमागे यूपीआय ऑटोपे लागलेला असतो, हेही पाहून घ्यावे. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेची सूचना येते, पण मेसेजच्या गर्दीत ती कोण वाचतो!

यूट्यूब यांपैकी कशातच नीट बसत नाही. त्याकडे पुढे येतो.

पहिला निकष: फाइल बाहेर येते का

माझ्या मते निवडीचा खरा निकष हा आहे, आणि ॲपच्या जाहिरातीत तो कधीच नसतो. अँटेनापॉडमध्ये उतरवलेला भाग ही साधी एमपी३ किंवा तत्सम फाइल असते. ती शेअर करता येते, मेमरी कार्डवर टाकता येते, ब्लूटूथने दुसऱ्या फोनवर पाठवता येते. स्पॉटिफायवरही पॉडकास्टचे भाग पैसे न भरता उतरवता येतात, पण ते कुलूपबंद असतात. त्या ॲपबाहेर ते वाजत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला हा फरक वेदान्तासारखा वाटेल. इथे तो रोजच्या व्यवहाराचा आहे. घरात स्मार्टफोन एक आणि बटनाचे फोन दोन, हे चित्र अजून संपलेले नाही. कृषिपंपाची लाइट रात्रपाळीत आली की पाणी द्यायला जाणारा माणूस खिशात बटनाचाच फोन ठेवतो; तो पडला तरी फुटत नाही आणि त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते. बारावी आणि नीटच्या अभ्यासासाठी लातूरला खोली घेऊन राहणाऱ्या पोराच्या हातीही पालक मुद्दाम साधा फोन देतात. अशा फोनवर कुठलेही ॲप चालणार नाही, पण मेमरी कार्डवरची एमपी३ चालते. म्हणजे खुल्या ॲपमुळे एका स्मार्टफोनवर तीन श्रोते होतात. कुलूपबंद फाइलीवर एकच होतो, तोही त्याच खात्यात लॉग-इन असेपर्यंत.

लॉग-इनचा मुद्दा जोडूनच येतो. मंचांवरची खाती बहुधा मोबाइल नंबर आणि ओटीपीवर उघडलेली असतात. सिम बदलले, जुना नंबर दुसऱ्याला गेला, की खाते आणि वर्षभर जमवलेली यादी दोन्ही गेली. अँटेनापॉडला खातेच लागत नाही. पॉकेट कास्ट्सला दोन फोनमध्ये यादी जुळवून ठेवण्यासाठी लागते, एरवी नाही.

यादीसाठीही एक फाइल असते, ओपीएमएल नावाची. आपण कुठले कार्यक्रम धरले आहेत त्यांचे पत्ते तिच्यात असतात आणि आकार जेमतेम काही केबी. तिचे महत्त्व २०२४ मध्ये सगळ्यांना कळले. २०१८ साली आलेले गूगल पॉडकास्ट्स हे साधे, फुकट आणि अँड्रॉइडवर सर्रास वापरले जाणारे ॲप गूगलने जून २०२४ पर्यंत जगभर बंद केले आणि श्रोत्यांना यूट्यूब म्युझिककडे वळवले. ज्यांनी मुदतीत ओपीएमएल काढून घेतली त्यांना नव्या ॲपमध्ये सगळे कार्यक्रम मिनिटभरात परत मिळाले. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकेतले स्टिचर हे पॉडकास्ट ॲप बंद झाले होते. म्हणजे मोठ्या कंपनीचे ॲप टिकाऊ असते, या समजाला आधार नाही. उलट २०१२ पासून स्वयंसेवकांनी चालवलेले, जाहिराती नसलेले अँटेनापॉड अजून चालू आहे. तेही उद्या थांबू शकते, पण ते थांबले तरी यादी आणि फाइली आपल्याकडे राहतात.

मराठीचा अडसर

आता वरच्या निकषावरचा सर्वांत सबळ आक्षेप. खुले ॲप कितीही चांगले असले तरी त्यात हवा तो मराठी कार्यक्रम सापडला नाही तर उपयोग काय? आक्षेप खरा आहे. बीबीसी मराठीचे ‘गोष्ट दुनियेची’ किंवा ‘सोपी गोष्ट’ यांसारखे कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून निघाले, पण मराठीतल्या गाजलेल्या गप्पा आणि मुलाखती मुख्यतः यूट्यूबसाठी होतात. यूट्यूब चॅनेललाही आरएसएस असते, पण तिच्यात ध्वनिफाइलचा पत्ता नसतो, फक्त व्हिडिओच्या पानाचा असतो. त्यामुळे पॉडकास्ट ॲपला ती वाजवता येत नाही.

नवख्या निर्मात्यांची अडचण वेगळी. त्यांतले पुष्कळ जण स्पॉटिफायच्या फुकट सोयीवर कार्यक्रम चढवतात. ही सोय म्हणजे २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतलेले पूर्वीचे अँकर. तिथे फीड जगासाठी खुली करण्याची सोय आहे, पण निर्मात्याने ती चालू केली तरच. ती केली नाही की कार्यक्रम एकाच मंचावर अडकतो. निर्मात्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. आवडत्या कार्यक्रमाला एक मेसेज टाकून फीड खुली करायला सांगणे, हे श्रोत्याच्या हातातले काम आहे.

कार्यक्रम खुला असूनही सापडत नाही, असेही होते, आणि त्याला कारण आपली लिपी. ‘ॲप’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे उमटतो: एकसंध अक्षराने, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. शोधयंत्राला ती निराळी वाटू शकतात. त्यात निर्मात्याने नाव रोमनमध्ये दिले असेल तर ‘गोष्ट’च्या शेवटी ‘ए’ लावला की नाही, हा नवा घोळ. यावर इलाज सोपा आहे. नावातला एखादा बिनजोडाक्षरी शब्द शोधावा, किंवा निर्मात्याच्या नावाने शोधावे. अँटेनापॉड ॲपलची सूची आणि पॉडकास्ट इंडेक्स यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी शोधते, म्हणून तिथे सापडण्याची शक्यता थोडी अधिक.

भाषेची आणखी एक बाजू आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर असते, उदगीर-देवणीकडे कन्नड, नांदेड शहरात दख्खनी उर्दू, आणि हुजूर साहिबमुळे पंजाबी. एकाच घरातल्या एकाच फोनवर सकाळी गुरबाणी, दुपारी तेलुगू गाणी आणि रात्री मराठी मुलाखत ऐकली जाते. मंचावरची शिफारस या सगळ्याची खिचडी करून भलतेच सुचवत राहते. खुली ॲपे सहसा फारसे सुचवत नाहीत. नव्या श्रोत्याला ती उणीव वाटेल. मला ते सुख वाटते.

या सगळ्याचा हिशेब करून माझी शिफारस अशी: अँटेनापॉड हे मुख्य ॲप ठेवावे आणि जे कार्यक्रम फक्त मंचावर मिळतात त्यांच्यापुरते स्पॉटिफाय जोडीला. रूप देखणे हवे, किंवा फोनवरून टॅबवर ऐकणे पुढे चालू ठेवायचे असेल, तर अँटेनापॉडऐवजी पॉकेट कास्ट्स. ते २०२१ पासून ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे, त्याचा कोड २०२२ मध्ये खुला झाला आणि ओपीएमएल दोन्हीकडून चालते.

दुसरा निकष: डाउनलोड खरोखर होते का

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या एसटीत तीनेक तास जातात. वाटेत रेंज येते-जाते. किनवट-माहूरच्या डोंगरात तर विचारायलाच नको. तेव्हा भाग आधी उतरलेले असणे आवश्यक. गणित असे: १२८ केबीपीएसची फाइल तासाला ५७.६ एमबी घेते, ६४ केबीपीएसची २८.८. तीन तासांचे ऐकणे जास्तीत जास्त पावणेदोनशे एमबीत बसते. तेच यूट्यूबवर पाहायचे म्हटले, आणि व्हिडिओ ५०० केबीपीएसचा धरला, जो कमीच धरला म्हणायचा, तर तासाला २२५ एमबी जातात. शिवाय पैसे न भरता यूट्यूब ॲप पडदा बंद करून चालत नाही, म्हणजे बॅटरीही जाते.

ॲपमध्ये आपोआप उतरवण्याची सोय असते, तरी सकाळी पाहावे तर काहीच उतरलेले नसते. लोक ॲपला नावे ठेवतात. दोष बहुतेक वेळा फोनचा असतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वापरात नसलेल्या फोनवरची ॲपे झोपवली जातात, आणि बऱ्याच कंपन्या बॅटरी जास्त टिकते असे दाखवण्यासाठी त्यावर आपले आणखी कडक नियम चढवतात. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढावेत, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करावे. तेवढे करूनही जमले नाही तर निघण्यापूर्वी हाताने उतरवून घ्यावे. परीक्षा घ्यायची तर दोन भाग उतरवून फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. इथे वाजले तर अहमदपूरच्या अलीकडे-पलीकडेही वाजेल.

‘मेमरी फुल’चे दुखणे वेगळे. फाइली मेमरी कार्डवर ठेवण्याची आणि ऐकून झालेला भाग आपोआप पुसण्याची सोय अँटेनापॉडमध्ये आहे. दोन्ही चालू करून टाकाव्यात.

बाकीचे

वेग वाढवण्याची सोय हल्ली सगळीकडे आहे. सव्वापट वेगाने मराठी मुलाखत आरामात ऐकता येते. शांतता कापण्याची सोय मात्र जपून वापरावी. बातमीपत्राला ती चालते, कीर्तनाला आणि कथाकथनाला मारक ठरते, कारण तिथे बुवांचा थांबा हाच अर्धा अर्थ असतो. म्हणून वेग आणि शांतता यांची मांडणी प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी ठेवता येणारे ॲप घ्यावे. एसटीच्या खडखडाटात आवाज वाढवण्याची सोय उपयोगी पडते, आणि एकाच कानात इअरफोन घालणाऱ्यांनी फोनच्या सुलभता सेटिंगमधला मोनो ऑडिओ चालू करावा. नाहीतर एखाद्या मुलाखतीत प्रश्न ऐकू येतात आणि उत्तरे दुसऱ्या कानात राहतात. झोपेचा टायमर, विजेट, रंगसंगती यांवरून ॲप निवडू नये.

आयफोनवर ॲपल पॉडकास्ट्स आधीपासून असतेच आणि सामान्य ऐकण्याला ते पुरते. मार्को आर्मेंट यांचे २०१४ पासूनचे ओव्हरकास्ट जाहिरातींसह फुकट आहे, शांतता कापण्याची त्याची पद्धत सर्वांत सफाईदार आहे आणि ओपीएमएल आत-बाहेर करता येते. अँड्रॉइडवर ते मिळत नाही.